नदीचा खिसा

भिलाईच्या खुर्सीपारमधल्या आमच्या गल्लीत ड्रायव्हर लोकांच्या शर्टाला आतून एक खिसा असतो. छातीच्या डाव्या बाजूला, बनियनला लागून. दुकानातून आणलेल्या शर्टाला तो नसतो, घरी शिवावा लागतो. आई जुन्या पायजम्याचं कापड घेऊन हातानेच शिवायची आणि वर चपटं बटण लावायची. या खिशाला आमच्याकडे नदीचा खिसा म्हणतात.

भिलाईहून लोखंड भरून गाडी आसामला निघाली की कुठे ना कुठे ब्रह्मपुत्रा आडवी येते. काही ठिकाणी पूल झालेत. जिथे नाहीत तिथे गाडी फेरीवर चढवावी लागते. फेरी म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र जहाज आलं असेल तर ते पुसून टाका. आमच्या लोकांची फेरी म्हणजे दोन मोठ्या नावा एकमेकींना बांधलेल्या, वर फळ्या ठोकलेल्या, आणि त्या फळ्यांवर ट्रक, मोटरसायकली, बकऱ्या, एखादं लग्नाचं वऱ्हाड, सगळं एकत्र. गाडी वर चढली की ड्रायव्हर इंजिन बंद करतो, गिअर टाकतो, हँडब्रेक ओढतो, चाकांखाली लाकडाचे ठोकळे सारून घेतो. मग समोरच्या काचेखाली लावलेली डोंगरगडच्या बम्लेश्वरीची तसबीर काढतो, नदीच्या खिशात घालतो, बटण लावतो आणि गाडीतून उतरतो. देवी बुडू नये म्हणून. आणि आपणही बुडू नये म्हणून.

सगळे उतरतात. शीख उतरतात, बिहारी उतरतात, छत्तीसगढी उतरतात, आमचे नागपूरकडचे उतरतात. उतरायलाच पाहिजे. हलत्या पाण्यावर बंद केबिनमध्ये बसून राहायला माणूस काय गाडीचा स्पेअर पार्ट आहे?

पण खुर्सीपारच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. तिथे कोणीच उतरत नाही.

तिथे मी लहानपणापासून नदी ऐकलीय. लाटा ट्रकच्या काचेपर्यंत आलेल्या, वारा असा की ताडपत्री फाटून आभाळात गेलेली, नाववाले रडून राहिलेले, आणि आमचा गडी स्टेअरिंगला चिकटून. "ब्रेक पे पैर रखा और पाठ करता रहा," सरदारजी सांगायचे. दुसरे एक दुर्गकडचे उस्ताद त्यांच्यावर कडी करायचे, "मैं तो केबिन मा सुत गे रहेंव गा!" म्हणजे मी तर केबिनमध्ये चक्क झोपलो होतो. यावर हशा, आणखी एक चहा. आणि या सगळ्यांचा बादशहा म्हणजे माझे बाबा. बाबा बाकावरून उठून दोन्ही हातांनी हवेत स्टेअरिंग धरायचे आणि डोलायचे. "बाजूची गाडी अशी डोलून राहिली होती. तिचा ड्रायव्हर उडी मारून पळाला. मी म्हनलं, पानी वर आलं तरी चालन, मी गाडी सोडनार नाई."

मी ते खरं मानत होते. आईने शिवलेला खिसा रोज दोरीवर वाळताना दिसायचा, तरी मानत होते. टपरीवरचं बोलणं एकीकडे आणि दोरीवरचा शर्ट एकीकडे. कोणीच दोघांची गाठ घालत नव्हतं.

ती गाठ घालायची वेळ आली काकांमुळे.

काका म्हणजे आमचे सख्खे काका नव्हेत. मागच्या गल्लीत राहतात. बाबा आणि ते एकाच वर्षी नागपूरकडून इथे आले, एकाच उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकले, आणि एकाच शेठकडे लागले. शेठ कोण, त्याचं यार्ड कुठे, ते मी इथे लिहीत नाही. भिलाईत असे बरेच आहेत, आणि ज्याला टोपी बसेल त्याने ती घालून घ्यावी. आसामची लाइन काकांइतकी कोणी केली नव्हती. सिलीगुडीच्या पुढे कोणत्या ढाब्यावर भात चांगला, कोणत्या घाटावर नंबर लागायला दिवस जातात, कुठला नाववाला दारू पिऊन नाव हाकतो, सगळं त्यांच्याकडे. टपरीवर मात्र ते कधी फुशारकी मारत नसत. ऐकायचे आणि हसायचे. मला वाटायचं यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

त्यांच्या शेवटच्या खेपेला गाडीत लोखंडाच्या प्लेटा होत्या. कशासाठी? पुलासाठी. जिथे पूल बांधायचा होता तिथे पूल नव्हता, म्हणून पुलाचं लोखंड नावेवरून न्यायचं. यावर मी एकदा आख्खं पत्रक लिहिलं होतं. तर गाडी फेरीवर पहिल्या नंबरला, तोंड पाण्याकडे. काकांनी सगळं नेहमीसारखं केलं. ठोकळे मागितले तर नाववाल्याकडे झिजून गुळगुळीत झालेले दोनच निघाले. देवी खिशात घालून काका खाली उतरले आणि नावेच्या काठाच्या दोराला धरून उभे राहिले.

नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं, पाण्याखाली. नाव त्याच्यावर जाऊन आदळली. पुढची बाजू खाली गेली. फळ्या ओल्या होत्या. चाकं फिरलीच नाहीत, जशीच्या तशी घसरली, आणि गाडी नाकावर पाण्यात गेली. माणसं वाचली. बकऱ्याही वाचल्या. पाणी उतरल्यावर क्रेन लावून गाडी बाहेर काढली, तेव्हा काकांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला. तो मी पाहिलाय. गाडी नाकावर गेल्यावर प्लेटा पुढे सरकल्या होत्या आणि केबिनच्या पाठीतून आरपार निघाल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटची पाठ जागेवर नव्हती. आपण भाकरीचा तुकडा मोडतो तशी मोडून गेली होती.

हा फोटो शेठनेही पाहिला. पाहून तो काय म्हणाला? "गाड़ी छोड़ के भाग गया." ब्रेकवर पाय ठेवून बसला असता तर गाडी सरकली नसती, असं त्याचं म्हणणं. विमावाल्यांनी गाडीत ड्रायव्हर नव्हता म्हणून हात वर केले होते, त्याचा राग त्याला काढायचा होता आणि तो त्याने काकांवर काढला. एवढंच करून थांबला असता तरी एक वेळ. पण त्याने सगळ्या यार्डांत शब्द फिरवला. भगोडा. ड्रायव्हर माणसाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो हसून सोडून देईल. भगोडा म्हटलं की त्याच्या हातात कोणी चाबी देत नाही.

काका प्रत्येक यार्डाच्या फाटकावर गेले. यार्डाचा हिशेब बघणारा प्रत्येक मुन्शी म्हणाला, गाडी रिकामी नाही. गाड्या तर मागे रांगेत उभ्या दिसत होत्या! काकू हुडको कॉलनीत दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या. काका सकाळी अंघोळ करून, शर्ट इस्त्री करून, पँटवर पट्टा बांधून ओट्यावर बसायचे. कोणाची स्कूटर सुरू होत नसली की उठून जायचे, किक मारून द्यायचे, हँडल जरा वेळ धरून ठेवायचे. मग परत ओट्यावर.

मी विचारलं, "काका, तुम्हाले काय पाहिजे?"

"चाबी," ते म्हणाले. "दुसरं काय पाहिजे?"

मला मात्र दुसरंही पाहिजे होतं. शेठने सगळ्या ड्रायव्हरांसमोर तोंडाने म्हणायला हवं होतं की हा माणूस पळाला नाही. मी तेव्हा मजुरांच्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहायचं काम करत होते, अजूनही करते. आम्हाला शिकवलेलं असं की एकट्याने बोललं तर ती तक्रार, सगळ्यांनी बोललं तर ती मागणी. मी ठरवलं की सगळ्यांना बोलवायचं आणि शेठसमोर एवढंच सांगायचं: फेरीवर आम्ही सगळेच उतरतो.

घरोघर गेले. आणि घरात, बायकोसमोर, बनियनवर बसलेला प्रत्येक माणूस सरळ बोलला. सरदारजी म्हणाले, "पुत्तर, अंदर बैठ के मरना है क्या? मैं तो सबसे पहले उतरता हूँ." दुर्गचे उस्ताद, ते झोपलेले, म्हणाले की नावेवर पाऊल पडलं की त्यांना ओकारी होते, केबिन कसली, ते सगळा वेळ काठावर वाकलेले असतात. सगळे येतो म्हणाले.

बाबांना मी जेवताना विचारलं. त्यांनी वरण-भात कालवला, पुन्हा कालवला.

आईच बोलली. "कावून गप बसून राहिले? सांगा ना पोरीले. खिसा काय मी चिल्लर ठेवाले शिवतो?"

"उतरतो न," बाबा म्हणाले. "सारेच उतरतेत. आता जेवू दे."

"शेठसमोर सांगसान?"

"सांगन म्हनलं न, बाई."

दुपारची वेळ ठरली. यार्डात पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मला वाटलं होतं शेठ भेटणारच नाही, भेटला तर ओरडेल. त्यासाठी मी तयार होते. तो ओरडला नाही. त्याने समोसे मागवले. आमच्या लोकांना आधी बसवलं, मग स्वतः बसला. ज्या माणसांना तिथला मुन्शी अरे-तुरे करतो, त्यांना तो उस्तादजी म्हणाला. मला म्हणाला, "बेटी, तुम भी लो ना." मी घेतला नाही. बाकी सगळ्यांनी घेतला, आणि मला तिथेच कळायला पाहिजे होतं.

आजूबाजूच्या गाड्यांवरचे ड्रायव्हरही येऊन उभे राहिले. तरणी पोरं, नवी लागलेली. शेठने त्यांच्याकडे पाहिलं आणि सरदारजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सरदारजी, ये नये लड़के नदी का नाम सुन के काँपते हैं. इनको बताओ ज़रा. आपने कभी गाड़ी छोड़ी?"

काय प्रश्न होता बघा! टपरीवरचाच प्रश्न. टपरीवरचीच माणसं भोवती. आणि ज्याचं उत्तर आयुष्यभर एकच दिलं, ते.

सरदारजींनी दाढीवरचा समोशाचा चुरा झटकला. छाती भरली. "छोड़ना क्या होता है जी. ब्रेक पे पैर, और पाठ."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. दुर्गचे उस्ताद तर थांबलेच नाहीत. ते झोपून गेले. त्यांनी घोरण्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला, पोरं खो-खो हसली. एकामागून एक सगळे नदी पार करत गेले आणि कोणाचा पाय फळीला लागला नाही. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात बसून ऐकत होते. शेठने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. गरज काय होती? त्याचं काम आमचीच माणसं फुकटात करत होती.

बाबांची पाळी आली. मी डोळ्यांनी विनवलं. बाबा उठले. हात हवेत गेले. तेच स्टेअरिंग, तेच डोलणं. "पानी वर आलं तरी चालन..."

मला त्या क्षणी जो संताप आला तो शेठवर नव्हता. शेठ शेठसारखा वागत होता. हे आमचे! एका बाजूला आपला माणूस उपाशी बसलाय, आणि यांना चार पोरांसमोर मिशी वर ठेवायचीय. पत्रकात आम्ही लिहितो, मालकांनी मजुरांना फोडलं. फोडायला मालकाला समोसा पुरला.

मी उभी राहिले. काय बोलले ते आता मला नीट आठवत नाही, पत्रकातलीच वाक्यं असणार. सुरक्षा, जबाबदारी, माणसाचा जीव. कोणी ऐकत नव्हतं. शेठने मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो बेटी, तुम्हारे पिताजी झूठ बोल रहे हैं?"

"हो," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. "माझे बाबा खोटं बोलून राहिले."

बाबांनी हवेतले हात खाली घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही. ते बसूही शकत नव्हते आणि जाऊही शकत नव्हते. मला वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर नाही. मला तेव्हा आणखी बोलायचं होतं.

तेवढ्यात काका हसले. मोठ्याने नाही, टपरीवर हसायचे तसेच. आणि शेठकडे न बघता बाबांना म्हणाले, "का बे, तू केबिनमंदी होता न?"

बाबांनी कशीबशी मान हलवली.

"मंग देवी कुठं होती तुही?"

बाबांचा हात आपोआप छातीवर गेला. डाव्या बाजूला. त्यांनी लगेच काढून घेतला, पण सगळ्यांनी पाहिलं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं तिथे काय असतं. कारण प्रत्येकाच्या शर्टाला ते होतं.

"दोन सालाआंधी, पुसाच्या थंडीत," काका म्हणाले, "ह्या माणसानं नावेच्या काठावर माहा हात असा धरला होता का नखं रुतली. वरतून मलेच म्हने, तू भेऊ नको." मग सरदारजींकडे वळले. "और सरदारजी, आप! आप तो उस मोटरसायकल वाले की ट्यूब माँग रहे थे. गले में डाल के खड़े थे."

पोरं फुटली. सरदारजी लाल झाले. मग त्यांनी काय करावं? त्यांनी दुर्गच्या उस्तादांवर ढकललं. "मैं ट्यूब में था तो ये क्या कर रहा था? दुल्हन के बाप के जूते पे उल्टी की थी इसने! पूरी बारात ने गाली दी थी!" उस्ताद खवळले. ते तिसऱ्यावर घसरले, तो म्हणे बकरीला मिठी मारून बसला होता. शेडखाली एकच गलका. फुशारकीत जे कोणी कबूल करत नव्हतं ते आता एकमेकांची उतरवताना भराभरा बाहेर पडायला लागलं. कोण रडलं, कोणी नवस बोलला, कोणी नाववाल्याचे पाय धरले. आणि प्रत्येक गोष्टीत सगळे फळीवर उभे. एकही केबिनमध्ये नाही.

शेठ म्हणत होता, "अरे भाई, अरे भाई." कोणी ऐकेना.

शेवटी बाबाच म्हणाले, हळू, पण सगळे थांबले. "मी दर खेपेले उतरलो, शेठ. तुमी आमाले केबिनमंदी बसाले सांगता. तुमी एकदा बसून पाहा."

शेठ हुशार. त्याने घड्याळ पाहिलं, हसला, मुन्शीला हाक मारली. पुरानी बातें छोड़ो, म्हणाला. काकांना एक लोकल ट्रेलर देऊ. स्टील प्लांटच्या फाटकापासून यार्डापर्यंत. "नदी नहीं, नाला नहीं. ठीक?"

"ठीक नाही," मी म्हणाले. "आधी सगळ्यांसमोर म्हणा की हा माणूस पळाला नाही."

"बेटा," काका म्हणाले, "बस कर."

"काका, त्याले बोलू द्या!"

"मले त्याचं बोलनं काय करायचं? त्याच्या तोंडानं काय ट्रेलर चालते?" आणि त्यांनी मुन्शीकडे हात पुढे केला. चाबी घेतली. मुठीत धरली आणि शेडबाहेर गेले. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, मी काकांशी. आई दोघांनाही एकाच तव्यावरची पोळी वाढत होती आणि म्हणत होती, मोठे आले पुढारी.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

आम्ही शेठला एक गोष्ट सांगून बसलो होतो. आतापर्यंत त्याला वाटत होतं एक उतरला. आता त्याला कळलं की सगळेच उतरतात. पुढच्या महिन्यात आसामच्या गाड्यांमध्ये कॅमेरे लागले. रस्त्याकडे नव्हे, ड्रायव्हरच्या तोंडाकडे. आणि मुन्शीने तोंडी सांगितलं: फेरीवर इंजिन बंद, दरवाजा बंद, सीटवर बसायचं. सीट रिकामी दिसली की परत आल्यावर चाबी जमा. पहिली खेप कोणाला? बाबांना. त्यांना वर्षभर नागपूरच्या पुढे पाठवलं नव्हतं, कमरेचं दुखणं म्हणून. आता एकदम आसाम. यात ज्याला योगायोग दिसतो त्याने खुशाल पाहावा.

आईने बाबांचा शर्ट काढला, खिशाचं बटण ओढून पाहिलं आणि शर्ट परत ठेवून दिला. म्हणाली, "आता याले कुठं नेता? केबिनमंदी बसाचं तर देवी बी तिथंच राहीन."

निघायच्या सकाळी मी यार्डात गेले. पत्रकं होती पिशवीत. बाबांची गाडी भरून फाटकाच्या तोंडाशी उभी होती, बाबा वर बसलेले, समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा. मी खालून ओरडले की उतरा, जाऊ नका. ते म्हणाले, "बाई, घरी जा."

तेवढ्यात समोरून काकांचा ट्रेलर आला. प्लांटहून माल घेऊन आलेला, नेहमीसारखा. फाटकाच्या मधोमध आल्यावर काकांनी तो थांबवला. इंजिन बंद केलं. मुन्शी ओरडत आला, "आगे लो, आगे लो!" काकांनी दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि सावकाश खाली उतरले. खाली येऊन त्यांनी पँटचा पट्टा नीट केला.

मुन्शी म्हणाला, "फिर भाग गया?"

"हौ," काका म्हणाले. "लिखो." आणि वर बाबांकडे मान करून, "उतर बे. का आता इथं बी नखं रुतवाले मीच पाहिजे?"

बाबा उतरले. कमरेला हात लावून, शिव्या देत, पण उतरले. मागच्या गाडीतून सरदारजी. मग ती तरणी पोरं, जी शेडखाली हसली होती. मी पिशवीतली पत्रकं काढलीच नाहीत. कोणाला वाटायची होती? सगळे खाली उभे होते.

यार्डाचं फाटक दुपारपर्यंत अडून राहिलं. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, प्लांटकडून फोन यायला लागले की माल का उचलत नाही, तेव्हा शेठ आला. ह्यावेळी समोसे नव्हते. आत बराच वेळ बोलणं झालं, मला आत घेतलं नाही, बाबा आणि सरदारजी गेले. संध्याकाळच्या आत कॅमेऱ्यांची तोंडं रस्त्याकडे वळली. फेरीवर बसायचा हुकूम मुन्शीने परत घेतला, म्हणजे त्याबद्दल बोलणं बंद केलं. तोंडी दिलेला हुकूम तोंडाने गिळला.

आणि काकांची चाबी घेतली.

फक्त काकांची. कोणाची तरी द्यायलाच पाहिजे होती, आणि शेठने त्यांना निवडलं. बाबा आणि सरदारजी बाहेर आले तेव्हा मी विचारलं, तुम्ही मान्य कसं केलं? बाबा म्हणाले, "तुहा काकाच म्हनला, माही देऊन टाका." मी काकांकडे गेले. ते नळावर तोंड धूत होते. मी म्हणाले हे चालणार नाही, उद्या पुन्हा फाटक अडवू. ते म्हणाले, "अडव न. मी येतो. पन आज मले घरी जाऊ दे, काकू वाट पाहत असन."

आम्ही दोनदा अडवलं. लोक पहिल्या वेळी अर्धे आले, दुसऱ्या वेळी त्याहून कमी. कॅमेरा वळला होता, खेपा सुरू झाल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी काकांनी चाबी सोडली ते आसामच्या वाटेवर होते. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. आईने एकदा माझ्या तोंडावर हात ठेवला.

काका सध्या भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीत पाण्याचा टँकर चालवतात. गाडी जुनी आहे, तिचं क्लच त्यांनी स्वतः बसवलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालूनच जातात. मी त्यांना विचारलं होतं की बरं आहे ना, तर म्हणाले, "स्टेअरिंग जड आहे," आणि ते तक्रारीसारखं वाटलं नाही.

पण शेठने ते एक वाक्य अजून म्हटलेलं नाही. काकांना नको असेल, मला पाहिजे. मी दर सोमवारी यार्डात जाते आणि मुन्शीला विचारते, शेठ आहेत का. सुरुवातीला चौकीदार खुर्ची द्यायचा. आता देत नाही. मी फाटकाशी उभी राहते, गाड्या आत-बाहेर करतात, आणि वर बसलेला जो कोणी माझ्याकडे बघणं टाळतो, त्याला मी खालून विचारते, "उस्ताद, नदीवर उतरता ना?" काही हसतात. काही हॉर्न वाजवतात. परवा एक अगदी नवा पोरगा होता, त्याने काच खाली केली आणि मोठ्याने, मुन्शीच्या देखत, "हाँ दीदी, उतरता हूँ" म्हणाला. मुन्शीने त्याच्या गाडीचा नंबर बघितला. मी मुन्शीकडे बघत राहिले.